मेक्सिकोतील बुन्युएलो : एका घरगुती पक्वान्नाचा इतिहास आणि त्याचे साधनमूल्य

प्रस्तावना

वसाहतकाळाचा इतिहास प्रामुख्याने राजाज्ञा, महसुली कागद, चर्चची दफ्तरे आणि प्रवाशांची वर्णने यांच्या आधारे लिहिला गेला. ज्या समाजघटकांना लेखणी उपलब्ध नव्हती, त्यांचा वाटा या साधनांत फारच तुटपुंजा दिसतो. स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रिया या घटकांपैकी एक होत. त्यांनी काय स्वीकारले, काय बदलले आणि काय टिकविले, याची नोंद दफ्तरांत क्वचितच सापडते. ती पदार्थांत मात्र सापडते. घरी पिढ्यान्पिढ्या केला जाणारा एखादा पदार्थ काळजीपूर्वक तपासला, तर त्याचे घटक, साधने आणि हातांच्या क्रिया यांवर इतिहासाचे निरनिराळे थर उमटलेले आढळतात.

मेक्सिकोत नाताळच्या सुमारास घरोघरी तळला जाणारा 'बुन्युएलो' हा गोड पदार्थ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मका हे ज्या देशाचे मुख्य अन्न, त्या देशात गव्हाच्या पिठाचा, डुकराच्या चरबीत तळलेला आणि उसाच्या पाकात बुडविलेला पदार्थ 'पारंपरिक' कसा ठरला, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) बुन्युएलोची इबेरियन पूर्वपीठिका आणि मेक्सिकोतील आगमन यांचा आढावा घेणे.
२) घरगुती कृतीतील परकीय व स्थानिक घटक वेगळे करून पाहणे.
३) 'पारंपरिक' या संकल्पनेचा या पदार्थाच्या आधारे पुनर्विचार करणे.

पदार्थाचे स्वरूप

मेक्सिकोत बुन्युएलो या नावाखाली मुख्यत्वे दोन प्रकार येतात. पहिला प्रकार म्हणजे ताटाएवढी मोठी, अत्यंत पातळ आणि कुरकुरीत तळलेली पोळी. ही पोळी गुडघ्यावर ताणून पातळ करण्याची रीत असल्याने तिला 'बुन्युएलो दे रोदिया', म्हणजे गुडघ्यावरचा बुन्युएलो, असे म्हणतात. दुसरा प्रकार 'बुन्युएलो दे व्हिएंतो', म्हणजे वाऱ्याचा बुन्युएलो. यासाठी अंडी, दूध व मैदा यांचे सरसरीत पीठ करतात. फुलाच्या आकाराचा लोखंडी साचा तापत्या तेलात गरम करून या पिठात बुडवितात आणि पुन्हा तेलात धरतात. साच्यावरून सुटलेले जाळीदार फूल साखर व दालचिनीच्या पुडीत घोळविले जाते. प्रस्तुत निबंधात मुख्यतः पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे. कारण त्यात साच्यापेक्षा हाताच्या कौशल्याला अधिक महत्त्व आहे.

इबेरियातील पूर्वपीठिका

बुन्युएलोचे मूळ इबेरियन द्वीपकल्पात आहे. तेथील मुस्लिम राजवटीच्या काळात तळलेल्या पिठाच्या पदार्थांची समृद्ध परंपरा निर्माण झाली. तेराव्या शतकातील इब्न रझीन अल्-तुजीबी यांचा अरबी पाकग्रंथ तिचा महत्त्वाचा साक्षीदार होय. आंबवलेल्या पिठाचे 'इस्फंज' आणि चीज घातलेले 'मुजब्बना' हे या परंपरेतील प्रसिद्ध पदार्थ. पुढील काळात बुन्युएलो तळून विकणे हा व्यवसाय स्पेनमध्ये मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागलेल्या मुस्लिमांशी, विशेषत्वाने जोडला गेला. १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले. मात्र १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, राजा तिसरा फिलिप याच्या मुदपाकखान्यातील फ्रान्सिस्को मार्तीनेस मोतीन्यो यांच्या पाकग्रंथात बुन्युएलोच्या अनेक कृती आहेत. माणसे हद्दपार होत असताना त्यांच्याशी निगडित पदार्थ राजाच्या पानात कायम होता, ही बाब लक्षणीय आहे.

ज्यू समाजाच्या बाबतीतही हेच घडले. १४९२ मध्ये स्पेनमधून बाहेर पडलेल्या ज्यूंनी 'बिमुएलो' या नावाने हा पदार्थ ऑटोमन साम्राज्यात नेला आणि हनुक्का या सणाशी जोडला. त्यांचा बिमुएलो तेलात तळला जातो. इन्क्विझिशनच्या काळात डुकराची चरबी टाळून तेलात स्वयंपाक करणे हे गुप्तपणे ज्यू धर्म पाळण्याचे लक्षण समजले जाई. त्यामुळे तळण्यासाठी तेल घ्यावे की चरबी, हा प्रश्न केवळ चवीचा राहिला नाही. त्यास धर्माच्या साक्षीचे स्वरूप आले. मेक्सिकोत पोहोचलेला बुन्युएलो चरबीत तळला गेला. यामागे श्रद्धेइतकीच सोयही होती. नव्या वसाहतीत ऑलिव्हचे तेल दुर्मीळ होते, तर स्पॅनिशांनी आणलेली डुकरे झपाट्याने वाढली होती.

गहू, ऊस आणि चरबी

१५२१ मध्ये तेनोच्तित्लान या आस्तेक राजधानीचा पाडाव झाला. त्यापूर्वीच्या मेक्सिकोत मका, घेवडा, भोपळा व मिरची यांवर उभी असलेली प्रगत पाकसंस्कृती होती. उकडणे, वाफविणे आणि 'कोमाल' या मातीच्या तव्यावर भाजणे या तिच्या मुख्य क्रिया. गहू, ऊस आणि डुक्कर यांपैकी काहीही तेथे नव्हते. भरपूर स्निग्ध पदार्थात तळण्याची पद्धतही या सामग्रीबरोबरच रूढ झाली.

गव्हाच्या आगमनाची कथा उद्बोधक आहे. आफ्रिकेत जन्मलेला आणि कोर्तेसच्या मोहिमेत सामील असलेला हुआन गार्रीदो याने १५३८ च्या आपल्या निवेदनात या भूमीवर सर्वप्रथम गहू पेरल्याचा दावा केला आहे. तांदळाच्या पोत्यात सापडलेले गव्हाचे तीन दाणे त्याने पेरल्याचे तत्कालीन बखरकारानेही सांगितले आहे. विजेत्यांच्या धान्याची पहिली पेरणी करण्याचा मान एका आफ्रिकी माणसाकडे जातो, ही वसाहतीच्या इतिहासातील विसंगती येथे नमूद करावीशी वाटते.

गव्हाला धार्मिक महत्त्वही होते. ख्रिस्तप्रसादाची भाकरी गव्हाचीच असावी, असा चर्चचा दंडक असल्याने मक्याला वेदीवर स्थान नव्हते. परिणामी गहू हे ख्रिस्ती व स्पॅनिश असण्याचे, तर मका हे 'इंडियन' असण्याचे चिन्ह बनले. उसाची लागवडही सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाली. कोर्तेसने स्वतः साखरेचे कारखाने उभारले आणि या उद्योगात आफ्रिकी गुलामांचे श्रम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. शुद्ध न केलेला उसाचा रस आटवून शंकूच्या आकाराच्या साच्यात ओतला की 'पिलोन्सीयो' तयार होतो. महाराष्ट्रातील वाचकास तो गुळाच्या लहान ढेपेसारखाच वाटेल. दोन्हींची निर्मितिप्रक्रिया मुळात एकच आहे. दालचिनी आशियातून आली. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि आकापुल्को या बंदरांदरम्यान चाललेल्या गलबतांमुळे आशियाई माल थेट मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरत असे.

मठातील वही

वसाहतकालीन मेक्सिकोत गोड पदार्थांची लिखित परंपरा प्रामुख्याने जोगिणींच्या मठांत जोपासली गेली. मेक्सिको शहरातील सान हेरोनिमो मठाची एक पाककृतींची वही १९७९ मध्ये प्रकाशित झाली. या कृतींची निवड व लेखन त्याच मठात राहिलेल्या कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूस (मृत्यू १६९५) यांचे असल्याचे परंपरा सांगते. उपलब्ध हस्तलिखित मात्र नंतरच्या काळातील प्रत असल्याने अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत. वहीतील बहुसंख्य कृती गोड पदार्थांच्या असून त्यांत चीज घातलेल्या बुन्युएलोचा समावेश आहे. त्याचे नाते अंदालुसियातील मुजब्बनाशी सहज जुळते.

सोर हुआना यांचे स्वयंपाकाविषयीचे विचार मात्र निर्विवादपणे त्यांचेच आहेत. १६९१ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रोत्तरात त्यांनी स्त्रियांच्या ज्ञानाधिकाराचे समर्थन केले. त्यात अंडे स्निग्ध पदार्थात तळले असता एकसंध राहते, तर पाकात टाकले असता विस्कटते, हे निरीक्षण त्यांनी निसर्गज्ञानाचे उदाहरण म्हणून दिले आहे. चूल ही निरीक्षणाची आणि प्रयोगाची जागा असू शकते, हा त्यांचा मुद्दा बुन्युएलोच्या अभ्यासाला लागू पडतो.

तथापि, मठातील वही ही शिक्षित क्रिओल स्त्रियांची होती. मठांत प्रत्यक्ष राबणाऱ्या स्त्रियांपैकी अनेक जणी स्थानिक, मिश्रवंशीय वा आफ्रिकी वंशाच्या सेविका होत्या. वहीत घटक आणि ढोबळ क्रम मिळतो. पीठ हाताला कसे लागले पाहिजे, ते किती ताणावे, केव्हा थांबावे, हे मिळत नाही. १८२१ च्या स्वातंत्र्यानंतर, १८३१ पासून, मेक्सिकोत पाकग्रंथ छापले जाऊ लागले. तरी ही उणीव भरून निघाली नाही. त्यासाठी घरगुती कृतीकडेच वळावे लागते.

घरगुती कृती : तंत्राचा पुरावा

घरी बुन्युएलो करताना साधारणतः अर्धा किलो मैद्यास एक-दोन अंडी, चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि दोन-तीन चमचे वितळलेल्या चरबीचे मोहन घेतले जाते. अलीकडे चरबीऐवजी लोणी वा वनस्पती तेलही वापरतात. पीठ ज्या पाण्यात भिजवितात ते पाणी या कृतीचे वैशिष्ट्य होय. 'तोमाते वेर्दे' हे कागदासारख्या आवरणात वाढणारे हिरवे, आंबट फळ मेक्सिकोचे मूळनिवासी आहे. त्याची सुकी आवरणे पाण्यात उकळून ते कोमट पाणी मैद्यात घालतात. कित्येक ठिकाणी त्यात अॅनिस हे बडीशेपेसारख्या वासाचे बीही उकळतात. या पाण्याने पीठ मऊ होते व तळताना हलके फुलते, असा घरोघरचा अनुभव आहे. जुन्या पद्धतीत याच कामासाठी 'तेकेस्कीते' हा खनिज क्षार वापरीत. खाऱ्या सरोवरांच्या काठी पाणी आटल्यावर मिळणारा हा क्षार स्पॅनिशांच्या आगमनापूर्वीपासून वापरात असून त्याचे नाव नाहुआत्ल या आस्तेकांच्या भाषेतील आहे. तामालचे मक्याचे पीठ हलके करण्यासाठी तेकेस्कीते आणि फळाची आवरणे वापरण्याची रीतही प्रचलित आहे. मक्याच्या स्वयंपाकातील हे ज्ञान गव्हाच्या पिठाला लावले गेले, हे येथे स्पष्ट होते.

पीठ दहा-पंधरा मिनिटे चांगले मळले जाते. त्याला तार सुटू लागली की लिंबाएवढ्या लाट्या करून, तेलाचा हात लावून, ओल्या फडक्याखाली अर्धा ते एक तास झाकून ठेवतात. या विश्रांतीला कारण आहे. मळल्यामुळे गव्हातील ग्लुटेनचे जाळे घट्ट होते आणि लगेच लाटल्यास पोळी आक्रसून मागे येते. काही काळ गेल्यावर ते सैलावते. मक्यात ग्लुटेन नसते. म्हणून मक्याची तोर्तिया हातावर थापता येते, ताणता येत नाही. तोर्तिया थापण्यात निष्णात असलेल्या हातांना गव्हाच्या पिठाचा हा स्वभाव नव्याने शिकावा लागला असला पाहिजे.

लाटी प्रथम लाटण्याने पुरीएवढी लाटतात. त्यानंतर बसलेल्या स्थितीत गुडघ्यावर स्वच्छ कापड घालून पोळी त्यावर ठेवतात आणि कडा हळूहळू खाली ओढीत ती गोल फिरवितात. पोळीतून पलीकडचे दिसावे इतकी ती पातळ होते. गुडघ्याऐवजी पालथे घातलेले मातीचे भांडे कापड गुंडाळून वापरण्याचीही पद्धत आहे. ताणलेल्या पोळ्या कापडावर पसरून काही वेळ सुकू देतात. वरचा ओलावा गेल्याने त्या तेल कमी पितात आणि अधिक कुरकुरीत होतात. मग कढईत भरपूर तापलेल्या तेलात वा चरबीत एकेक पोळी सोडून, मधोमध दाबून, दोन्ही बाजूंनी सोनेरी तळतात.

पाकासाठी पिलोन्सीयो, पाणी, दालचिनीची काडी आणि अॅनिस एकत्र उकळतात. अनेक घरांत त्यात पेरूच्या फोडी घालतात. पेरू हे अमेरिका खंडातीलच फळ. हा पाक फार घट्ट करीत नाहीत. तो वाढतेवेळी पोळीवर ओततात, अन्यथा पोळी लगेच मऊ पडते.

या कृतीचे विश्लेषण करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. गुडघ्यावर ताणण्याची रीत मेक्सिकोत इतकी रुजलेली आहे की ती स्थानिक वाटावी. परंतु पोर्तुगालमध्ये 'फिल्योश' या नाताळच्या तळलेल्या पदार्थाचा गुडघ्यावर ताणलेला प्रकार त्याच अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. म्हणजे गुडघ्याचे तंत्र इबेरियातून आले, असेच मानणे सयुक्तिक ठरते. याउलट, पीठ भिजविण्याचे पाणी, क्षार आणि पेरू हे निश्चितपणे स्थानिक होत. याच फिल्योशचे नाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यातही पोहोचले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील 'फिलोस' मात्र केळे घालून केलेला मऊ पदार्थ आहे. तेथे नाव उरले आणि वस्तू बदलली. मेक्सिकोत नाव व हाताची क्रिया टिकली आणि पिठाचा अंतर्भाग बदलला.

सण, घर आणि रस्ता

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री 'पोसादा' साजऱ्या होतात. मेरी व जोसेफ यांनी आसरा शोधल्याच्या स्मरणार्थ मिरवणूक निघते आणि अखेर ज्या घराचे दार उघडते, तेथे सर्वांना खाऊ मिळतो. या उत्सवाचे मूळ १५८७ मध्ये आकोल्मान येथील ऑगस्टिनियन धर्मगुरूंना मिळालेल्या पोपच्या अनुमतीत शोधले जाते. दारी आलेल्यांना बुन्युएलो आणि गरम पेय देणे हा या आतिथ्याचा भाग झाला. एवढ्या लोकांना पुरतील इतक्या पोळ्या एकट्या बाईने ताणणे कठीण. एकीने मळावे, दुसरीने लाटावे, वडीलधारीने ताणावे आणि मुलींनी पाहून शिकावे, अशी कामाची वाटणी होते. लिखित कृतीत नसलेले ज्ञान ज्या मार्गाने पुढे गेले, तो मार्ग हाच.

ओआहाका शहरात नाताळच्या दिवसांत कॅथीड्रलजवळच्या ठेल्यांवर मातीच्या साध्या ताटलीत पाकासह बुन्युएलो मिळतो. खाऊन झाल्यावर मनात इच्छा धरून ताटली जमिनीवर आपटून फोडण्याची प्रथा आहे. घरातला पदार्थ येथे सार्वजनिक उत्सवाचा घटक बनलेला दिसतो.

गव्हाचे राजकारण आणि एक मराठी दुवा

गहू आणि मका यांतील उच्चनीचतेचा वाद स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही. १८९९ मध्ये विचारवंत फ्रान्सिस्को बुल्नेस यांनी मानवजातीचे गहू, तांदूळ व मका खाणारे असे तीन गट कल्पून, मक्यालाच मेक्सिकोच्या मागासलेपणाचे कारण ठरविले. जेफ्री पिल्चर यांनी १९९८ मध्ये प्रकाशित केलेल्या मेक्सिकन अन्नाच्या इतिहासात या विचारसरणीची सविस्तर चिकित्सा केली आहे.

१९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीनंतर हा प्रश्न शेतकऱ्याच्या भाकरीच्या संदर्भात पुन्हा मांडला गेला. या टप्प्यावर एका मराठी व्यक्तीचा संबंध येतो. वर्धा जिल्ह्यात जन्मलेले क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे (१८८४–१९६७) यांनी १९२० च्या दशकात चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन केले, गहू व मका या दोन्ही पिकांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ मध्ये रंगविलेल्या 'आमची भाकरी' या चित्रात, मेजाच्या अग्रस्थानी बसून भाकरी वाटणारी व्यक्ती खानखोजे म्हणून ओळखली जाते. पुढे १९४४ पासून नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत विकसित केलेल्या गव्हाचे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ मध्ये आयात केले. विजेत्यांचे धान्य म्हणून आलेला गहू चार शतकांत इतका स्थानिक झाला होता की तो 'मेक्सिकन गहू' या नावाने भारतीय शेतकऱ्याच्या परिचयाचा झाला.

वारशाची व्याख्या आणि घरगुती श्रम

युनेस्कोने २०१० मध्ये पारंपरिक मेक्सिकन पाकसंस्कृतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. त्यासाठी मिचोआकान प्रांताचा आदर्श घेण्यात आला आणि मका, घेवडा, मिरची, मक्यावरील चुन्याची प्रक्रिया व दगडी पाटा यांना केंद्रस्थान दिले गेले. शतकानुशतके हिणविल्या गेलेल्या मक्याला मिळालेला हा न्याय उचितच आहे. परंतु परंपरेचा अर्थ केवळ हिस्पानपूर्व घटक असा घेतल्यास बुन्युएलोसारखा पदार्थ कडेला राहतो. नाताळच्या रात्री घरात मैदा ताणणाऱ्या आजीला तो पदार्थ परका आहे, असे सांगता येणार नाही.

याच्या उलट बाजूचाही विचार व्हावयास हवा. आज अनेक घरांत मळण्या-ताणण्याचे श्रम टाळून बाजारातील गव्हाची तयार तोर्तिया तळतात आणि वर साखर-दालचिनी भुरभुरवितात. तयार बुन्युएलोही पाकिटांत मिळतात. याबद्दल केवळ खंत करणे योग्य ठरणार नाही. कारण जुने कौशल्य स्त्रियांच्या विनामोबदला श्रमांवर उभे होते. तथापि, तळलेली तोर्तिया चवीला जवळ गेली, तरी तिच्यात पीठ केव्हा सैलावले हे ओळखणारे बोट नाही आणि फळाच्या आवरणांचे पाणीही नाही. पदार्थाचे नाव टिकले, तरी त्यातील ऐतिहासिक पुरावा नाहीसा होऊ शकतो. कृतीची नोंद करताना घटकांच्या यादीबरोबर हातांच्या क्रियांचीही नोंद घेणे म्हणूनच निकडीचे आहे.

निष्कर्ष

१) बुन्युएलो हा अरबी-अंदालुसी, ज्यू व ख्रिस्ती परंपरांच्या संपर्कातून घडलेला इबेरियन पदार्थ असून तो वसाहतीबरोबर मेक्सिकोत आला.
२) मेक्सिकोतील घरगुती कृतीत गहू, चरबी, ऊस आणि गुडघ्यावर ताणण्याचे तंत्र बाहेरचे आहे; तोमाते वेर्देच्या आवरणांचे पाणी, तेकेस्कीते आणि पेरू हे स्थानिक आहेत. मक्याच्या स्वयंपाकातील ज्ञान गव्हाला लावण्याचे कार्य चुलीपाशी झाले आणि त्याचे श्रेय मुख्यतः अनाम स्त्रियांकडे जाते.
३) मठातील वही आणि छापील पाकग्रंथ ही महत्त्वाची परंतु अपुरी साधने आहेत. प्रत्यक्ष कृती हे त्यांना पूरक असे स्वतंत्र साधन मानावे लागेल.
४) परंपरेची कसोटी घटकांच्या प्राचीनतेत शोधल्यास अशा पदार्थांचे आकलन होत नाही. परके धान्य आपल्या पाण्यात भिजवून आपलेसे करण्याची जी क्षमता समाजाने दाखविली, तीही परंपराच होय.